राइलीच्या नावाने

राइली कान्तोकोस्कीला कुणी विचारलं, तू ऑफिसात नेमकं काय करतेस, तर ती सांगायची, "दाराशी बसते." समोरच्याला वाटायचं ही वॉचमन आहे, आणि राइली खुलासा करण्याच्या भानगडीत पडायची नाही.

अठ्ठावन्न वर्षांची, रुंद खांद्यांची, मोजकं बोलणारी बाई. जन्म पुदासयार्वीकडच्या वस्तीतला, वडील दुधाचा ट्रक चालवायचे. ओउलू शहरात शिकायला आली ती तिथलीच झाली. सतरा वर्षं फोनच्या एका मोठ्या कारखान्यात प्रोग्राम लिहिले. कारखान्याला उतरती कळा लागली तेव्हा ज्यांच्या हातात नोकरी गेल्याची पत्रं पडली, त्यांत तीही होती. मग चाळीस माणसांच्या एका छोट्या कंपनीत लागली. नगरपालिका, चर्चच्या कचेऱ्या, दवाखाने, कारखाने या सगळ्यांची कामं क्लाउडवर गेली होती, आणि तिथे कुणाला कुठवर जाऊ द्यायचं, कुणाला दारातच अडवायचं, हे या कंपनीचं सॉफ्टवेअर ठरवायचं. त्यातला जुना भाग जवळजवळ सगळा राइलीच्या हातचा.

नवऱ्याशी फारकत होऊन बरीच वर्षं लोटली होती. शहराच्या तुइरा भागात नदीजवळ दोन खोल्या, बुधवारी सात ते आठ बिल्डिंगच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, तिची पाळी, रविवारी गोठलेल्या नदीवर स्की. यापलीकडे तिला काही हवं होतं असं कुणाला कधी दिसलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊला तिचा फोन वाजला. कुसिरान्ता गावच्या चर्चच्या कचेरीतून हेल्वी मुर्तोपेरा बोलत होती. तिथलं लिहिण्या-ठेवण्याचं काम ती एकटीच बघायची.

"तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता," हेल्वी म्हणाली. "शिबिराच्या मुलांची यादी उघडायला गेले, तर भलतीच माणसं दिसतायत. बॉयलर, पंप, कुणाची कुठली पाळी, असलं काहीतरी."

"वर कुणाचं नाव आहे?"

"हौतावारा हीटिंग प्लांट."

राइलीने हातातला कप खाली ठेवला. हौतावारा गावातली सगळी घरं त्याच प्लांटच्या गरम पाण्यावर ऊबदार राहायची. "तुम्ही आत कशा जाता?"

"पत्ता हाताने टाइप करते. शेवटी आमचा नंबर, चारशे अठरा."

"आणि आज काय टाकलंत?"

"थांबा हं." चष्मा शोधल्याचा आवाज आला. "चारशे एक्याऐंशी. अगंबाई. म्हणजे दर वेळी हेच होत असणार. ख्रिसमसच्या आधीपासून अधूनमधून दिसतात ही माणसं. मला वाटलं, तुम्हीच काही नवीन केलंय."

राइलीने तिचे आभार मानले, आज काही उघडू नका म्हणून सांगितलं, आणि तेच स्वतः करून पाहिलं. एका ग्राहकाच्या लॉगिनचा पास घेतला, दुसऱ्याचा नंबर टाकला. दार उघडलं. तिसऱ्याचा टाकला. तेही उघडलं. आत येणाऱ्याच्या पासावरची सही खरी आहे का, हे सॉफ्टवेअर दर वेळी बघत होतं, पण पास कुठल्या दाराचा आहे हे बघत नव्हतं. चर्चमध्ये जो ॲडमिन, तो हीटिंग प्लांटमध्येही ॲडमिन.

ती ओळ शोधायला वेळ लागला नाही. जिथे तपासणी हवी होती तिथे एक शेरा होता, "ग्राहक जुळतो का बघणे, नंतर." शेजारी अकरा वर्षांपूर्वीची तारीख, आणि नाव तिचंच. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला काम दाखवायचं होतं, सगळे घाईत होते. ते नंतर कधी आलंच नाही.

ती उठली आणि योनातानच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. योनातान सार्केला हा कंपनीचा तांत्रिक प्रमुख, तिच्याहून वीस वर्षांनी लहान. बारा वर्षांपूर्वी कामाला लागला तेव्हा राइलीनेच त्याला शिकवलं होतं. तिने काय झालंय ते सांगितलं. शेवटी म्हणाली, "आणि ती ओळ माझी आहे."

"ते मी विचारलं नाही," योनातान म्हणाला. "बुजवायला किती वेळ?"

"तासभर. तू तपासून दे."

तासाच्या आत दुरुस्ती लिहून झाली. योनातानने ती दोनदा वाचली, आणि एकच्या सुमाराला सगळ्या सर्व्हरवर चढवली. राइलीने पुन्हा चर्चचा पास घेऊन चारशे एक्याऐंशी टाकून पाहिलं. दार उघडलं नाही.

"जेवलीस का?" योनातानने विचारलं.

"आधी नोंदी बघते. हेल्वी चुकून गेली. मुद्दाम कोण गेलं, ते कळायला हवं."

कोण कधी कुठे शिरलं याच्या नोंदी सॉफ्टवेअर ठेवतं, पण त्या वाचायला कुणाला सवड नसते. राइलीने ज्यांचा पास एकीकडचा आणि दार दुसरीकडचं, तेवढ्याच नोंदी बाजूला काढल्या. हेल्वी सात वेळा सापडली. आणखी एकजण सापडला एकसष्ट वेळा. पास होता फर्निचरच्या एका दुकानाच्या ॲडमिनचा, आणि ते दुकान चार वर्षांपूर्वी बंद पडलं होतं. खातं पुसायचं राहिलं होतं. कुणीतरी ते उचललं होतं.

हा माणूस कुठे भटकला नव्हता. एकसष्टच्या एकसष्ट वेळा तो हौतावाराच्या प्लांटमध्येच गेला होता. यायचा, चार-पाच मिनिटं थांबायचा, जायचा. कुठला पंप कुठल्या वस्तीला पाणी देतो, पाळीवर कोण असतं, बॉयलर बंद करायला किती परवानग्या लागतात, एवढं वाचायचा. हात कशालाच लावला नव्हता. फक्त एकदा, चौदा महिन्यांपूर्वी, त्याने तिथे एक नवं ॲडमिन खातं तयार केलं होतं.

राइलीने ते उघडलं. नाव राइली कान्तोकोस्की. खाली तिचा फोन नंबर, बरोबर.

खोलीत कुणी नव्हतं. बाहेर पार्किंगमध्ये सूर्य बर्फावर लख्ख पडला होता, आणि तापमान उणे सत्तावीस होतं. ती पडद्याकडे बघत राहिली. आजची दुरुस्ती या खात्याला लागूच होत नव्हती. ते कुणाच्या पासावर येत नव्हतं, ते आधीच आत बसलेलं होतं, रीतसर. शेवटचं वापरलं गेलं होतं काल दुपारी.

पुसून टाकावं, हे तिच्या मनात आलंच नाही असं नाही. एक बटण होतं. ओळ तिची, नाव तिचं, आणि अजून दुसऱ्या कुणी काही पाहिलेलं नव्हतं. बटणावर नेलेला हात तिने मागे घेतला, तो मांडीवर ठेवून दिला, आणि मग योनातानला हाक मारली.

योनातान तिच्या खांद्यावरून वाचत होता. जरा जास्तच वेळ वाचत होता.

"तू तिथे कधी गेली होतीस?" त्याने विचारलं.

"नऊ वर्षांपूर्वी. एक दिवस. सगळं बसवून द्यायला."

"त्यानंतर?"

"त्यानंतर नाही."

"बरं," योनातान म्हणाला. ते बरं तिला आवडलं नाही.

त्याच्यासमोरच तिने स्पीकरवर प्लांटला फोन लावला. वेइक्को हौताला तिथला प्रमुख ऑपरेटर होता, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला.

"वेइक्को, मी राइली, लॉगिनवाल्या कंपनीतून."

"अगं, पुन्हा?" वेइक्को म्हणाला. "परवाच तर बोललो आपण. सर्दी गेली वाटतं तुझी."

योनातानने राइलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "परवा मी फोन केला नव्हता."

"केला होतास की. बॉयलर बंद पडले तर घरं किती वेळ तग धरतील, विचारत होतीस. तुमच्या कुठल्याशा अहवालासाठी."

"काय सांगितलंत?"

"या थंडीत नऊ-दहा तास. मग पाईप फुटायला लागतात."  त्याचा आवाज बदलला. "ती तू नव्हतीस?"

"नाही. तुमचा प्लांट आत्ता बाहेरच्या जोडणीपासून तोडा. केबल उपटा आणि हाताने चालवा. तिथे माझ्या नावाचं एक खातं आहे, ते माझं नाही."

"आणि तूच खरी कशावरून? परवाची पण हेच नाव सांगत होती."

 जन्मतारीख, कर्मचारी क्रमांक, पत्ता, जे काही सांगता येण्यासारखं होतं ते सगळं कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर होतंच. राइली आठवू लागली.

"मी आले तो गुरुवार होता," ती म्हणाली. "तुमच्या कँटीनमध्ये वाटाण्याचं सूप होतं. तुमच्या कुत्रीने माझा एक हातमोजा पळवला आणि बॉयलरच्या मागे नेऊन फाडला. तुम्ही मला तुमचा दिलात. मोठा होत होता."

 मग वेइक्को म्हणाला, "रुस्का होती ती. गेली बिचारी." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "थांब, केबल काढतो."

दोन मिनिटांनी तो परत आला. पाळीवर माणसं बोलावतो म्हणाला, आणि थंडी ओसरेपर्यंत स्वतःही हलणार नाही म्हणाला.

आता पोलिसांना कळवायला हवं होतं, आणि चौकशी संपेपर्यंत राइलीला सिस्टीमच्या आत ठेवता येत नव्हतं. योनातानला ते तोंडाने बोलता येईना, म्हणून तीच म्हणाली, "माझ्या परवानग्या काढ."

"ते मी कधी केलं नाही. तूच करतेस."

मग तिने त्याला आपल्या खुर्चीत बसवलं आणि शेजारी उभी राहिली. "डावीकडे बघ. तिसरं. ते नको, ते तुझं आहे, आपण दोघंही बाहेर बसू. हां, हे. आता विचारेल, नक्की का. हो म्हण."

योनातानने हो म्हटलं. पडद्यावरून तिचं नाव गेलं.

पोलिसांची दोन माणसं चारला आली. तिचा लॅपटॉप, फोन आणि घरातला जुना कॉम्प्युटर घेऊन गेली. फर्निचरच्या दुकानासाठी तिने कधी काम केलं होतं का, तिच्यावर कुणाचा राग होता का, परवा दुपारी ती कुठे होती, हे सगळं त्यांनी सभ्यपणे विचारलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. परवा रविवार होता. ती नदीवर एकटी होती.

सात आठवडे ती घरी बसली. केमी गावात राहणारी बहीण म्हणाली, इकडे ये. राइली म्हणाली, शहर सोडू नको असं सांगितलंय. ऑफिसातून पहिल्या आठवड्यात दोन-तीन जणांनी फोन केले, मग कुणी केला नाही. दुकानात ओळखीचं कुणी दिसलं की ती दुसऱ्या रांगेला जायची. नवीन नंबरवर अनोळखी फोन आला की ती उचलायची, पण आधी बोलायची नाही. पलीकडच्याचा आवाज ऐकायची.

एप्रिलमध्ये तपास अधिकारी बाई स्वतः आल्या. तुमचा संबंध नाही हे सिद्ध झालंय, म्हणाल्या. नंबर आणि नाव कंपनीच्या जुन्या पत्रकावरून उचललेलं. कुणी उचललं ते कळलं नव्हतं. माग तीन देशांतल्या भाड्याच्या सर्व्हरवरून जाऊन विरला होता. दुरुस्ती झाल्यापासून तिकडून कुणीही दार वाजवलं नव्हतं.

"म्हणजे तो गेला?" राइलीने विचारलं.

"म्हणजे त्याला कळलं," अधिकारी बाई म्हणाल्या.

हौतावारात काही झालं नव्हतं. एकही घर गारठलं नव्हतं. म्हणूनच की काय, गावात कुणाला यातलं काही माहीतही नव्हतं. वेइक्कोने मे महिन्यात केबल परत जोडली, ती राइलीशी फोनवर बोलत बोलत. जोडण्याआधी त्याने विचारलं, त्या दिवशी तुझी गाडी कुणी ढकलली? मग विचारलं, कँटीनमधल्या रेडिओला काय झालं होतं? तिने दोन्ही बरोबर सांगितलं. एकाच दिवसाची ओळख होती. असे प्रश्न आणखी किती उरले असतील, हे तिने मनातल्या मनात मोजलं, आणि ते फार नव्हते.

कामावर परतल्यावर तिने आपल्या सगळ्या जुन्या ओळी पहिल्यापासून वाचायला घेतल्या. रोज सकाळी दोन तास. जूनपर्यंत "नंतर" असे आणखी चार शेरे सापडले. चारही जागा तिने दुरुस्त केल्या, आणि दर वेळी नोंदी तपासल्या. तिथून कुणी शिरल्याचं दिसलं नाही. पण या नोंदी फक्त अठरा महिने ठेवल्या जात. त्याआधीचं सांगणारं कुठेच काही नव्हतं.

तिची प्रत्येक दुरुस्ती आता दोघंजण वाचायचे. नियम सगळ्यांना सारखाच, असं योनातान म्हणाला होता. इतरांच्या दुरुस्त्या दुपारपर्यंत मंजूर व्हायच्या, तिच्या दुसऱ्या दिवशी.

जूनच्या अखेरीस एकदा कॉफीच्या खोलीत दोघंच होते. योनातान कप हातात फिरवत होता.

"राइली," तो म्हणाला, "एक विचारू का..."

"विचार."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "काही नाही. सुट्टीवर कधी जातेयस?"

"जुलैत."

"चांगलं आहे," तो म्हणाला, आणि कप धुवायला वळला. राइली त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली. मी नव्हते, असं एकदा स्पष्ट म्हणून टाकावं, असं तिला वाटलं. पण तसं म्हणायचं, तर त्याने आधी विचारायला हवं होतं.