शेवटाआधी सुटणारी गाडी

डोळे मिटत चाललेत. रविवारची दुपार, पोटात आमटी-भात, पोटावर लॅपटॉप, लॅपटॉपवर सिनेमा. महिनाअखेरचं हे टिपण लिहायचं म्हणून आज एक तरी सिनेमा पुरा बघायचा, असं ठरवून मी सोफ्यावर आडवी झाले आहे. पडद्यावर जत्रा आहे. गर्दीत दोन भावांचे हात सुटतात. वर पंखा कुरकुरतो, कुरकुरता कुरकुरता जत्रेतला मोठा पाळणा होतो, आणि माझ्या अगदी कानाशी कुणीतरी शेंगा फोडतं.

थांबा. आधी बातम्या. झोप काय, धरून ठेवते.

नव्यानं आलेल्यांसाठी: मी व्हिडिओ गेम लिहिते. चित्रं दुसरे काढतात, कोड तिसरे लिहितात. गेममधली माणसं काय बोलतात आणि शेवटी त्यांचं काय होतं, ते माझ्याकडे असतं. दर महिन्याला इथे दोन गोष्टी सांगते: काय चाललंय आणि काय पाहिलं.

काय चाललंय: गेम संपत आलाय. घाटातल्या चहाच्या टपरीचा. तुम्ही वाटसरू. टपरीवाली म्हातारी चहा देते, येणारे-जाणारे आपापलं गाऱ्हाणं सांगतात, तुम्ही कपबश्या विसळता आणि ऐकता. मग शेवटची संध्याकाळ येते, म्हातारी स्टोव्ह बंद करते, आणि पुढचं मला येत नाही. तीन शेवट लिहिले. तिन्हींत ती मरते. तिन्हींत बासरी वाजते. उद्या सकाळी म्हातारीला आवाज देणाऱ्या बाई रेकॉर्डिंगला येणार आहेत. तबस्सुम, जिचा हा गेम आहे आणि जी "मी ओरडत नाहीये" असं मला वरचेवर सांगत असते, तिनं काल फोन केला. "सुवर्णा, बाई मरतेय की राहतेय? एवढं सांग फक्त. बाकी मी बघते."

काय पाहिलं: चार सिनेमे. पियानो दुरुस्त करणाऱ्या दोन बहिणींचा, पाऊण. नसलेल्या मजल्यावर थांबणाऱ्या लिफ्टचा, लिफ्टचं दार उघडेपर्यंत. बँडवाल्याच्या स्वतःच्या लग्नात बँड कोण वाजवणार याचा, पोट धरून हसले, नवरदेव घोड्यावर चढला तिथे बंद केला. चौथा हा जत्रेचा, चालू आहे.

एकही शेवटपर्यंत नाही. वैशाखात आत्ती गेली तेव्हापासून हे असंच चाललंय. शेवट जवळ आला की माझे पाय आपोआप चपला शोधायला लागतात.

आत्ती म्हणजे अंजनाआत्ती, वडिलांची थोरली बहीण. विट्याकडचं आमचं गाव. सिनेमा तालुक्याला, दुपारच्या खेळाला. गावाकडे मुक्कामाची एसटी सुटायची ती सिनेमा संपायच्या थोडी अगोदर. ती चुकली तर रात्र स्टँडवर. त्यामुळे आत्तीनं टॉकीजमध्ये उभ्या आयुष्यात एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही. पण दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका तिच्या कट्ट्यावर ज्वारी निवडायला जमायच्या आणि आत्ती त्यांना अख्खा सिनेमा सांगायची, गाण्यांसकट, मारामाऱ्यांसकट. शेवटासकट. शेवट ती एसटीत, खिडकीला डोकं टेकून रचायची. मी मांडीवर असायचे, म्हणून मला माहीत.

या जत्रेच्या सिनेमाचा तिचा शेवट असा: भाऊ मोठे होतात, एक पोलीस, एक चोर, आणि एकमेकांना ओळखतच नाहीत. पण आई गावात खानावळ काढते, दोघं रोज एकाच बाकावर जेवायला येतात, आणि आई दोघांना वाढते आणि गप्प राहते. कॉलेजात मी खरा शेवट पाहिला. गोदामाला आग, मारामारी, मिठी. मला वाटलं, शेवटचं रीळ दुसऱ्याच सिनेमाचं लावलंय.

आणि पिन. आत्तीच्या बांगडीत सेफ्टी पिना अडकवलेल्या असायच्या. अंधारात, गर्दीत मी हरवू नये म्हणून त्यातली एक काढून ती माझ्या फ्रॉकचं टोक तिच्या पदराला टाचायची. ती उठली की मी उठलेच.

झालं. आता झोपते.

*

"काय बघतीयास?"

आत्ती सोफ्याच्या त्या टोकाला पाय वर घेऊन बसली आहे. हिरवं लुगडं. ओच्यात शेंगा. ती मेलेली आहे हे दोघींना माहीत आहे आणि तो विषय कुणी काढत नाही. टरफलं माझ्या गालिच्यावर पडतात.

"तोच गं. भावांचा."

"खानावळ आली का?"

"ह्यात खानावळ नाही आत्ती."

"मग काय उपेग," ती म्हणते आणि माझ्या हातावर शेंगा ठेवते.

सोफा टणक लागतो, कारण तो आता टॉकीजमधली लाकडी खुर्ची आहे. आमच्यापुढे फेट्यांची आणि वेण्यांची रांग आहे. छत मात्र माझ्याच हॉलचं, कोपऱ्यातल्या ओलीच्या डागासकट. दारात बॅटरी घेऊन तबस्सुम उभी आहे. ती बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर मारून विचारते, मरतेय की राहतेय. आत्ती तिला शांतपणे सांगते की बाळा, आधी दार लाव, उजेड आत येतोय. तबस्सुम दार लावते. तिला असं कुणाचं ऐकताना मी कधी पाहिलेलं नाही.

आत्ती बांगडीतली पिन काढते आणि माझ्या कुर्त्याचं टोक ओढते.

"आत्ती, मी अडतीस वर्षांची आहे. हरवत नाही आता."

"तू न्हाई गं. मी," ती म्हणते आणि टाचते.

मग ती मला विचारते की सध्या पोटापाण्याचं काय चाललंय. मी गेम सांगते. ती सगळं ऐकून घेते, मधे मधे "मग?" म्हणते. कट्ट्यावर बायका तिला म्हणायच्या तसं. मला ते "मग?" इतकं आवडतं की मी गेममध्ये नसलेल्याही दोन गोष्टी घालते. एक बोकड येतो. एक तलाठी येतो आणि त्याचा जोडा बोकड खातो. आत्ती हसते, तिला ठसका लागतो, पुढचा फेटेवाला वळून बघतो. मी म्हातारीच्या शेवटच्या संध्याकाळपर्यंत येते आणि थांबते.

"मग?"

"मग तेच येत नाही."

आत्ती शेंग दाताखाली धरून विचार करते. "ऱ्हाती कुठं ती?"

"कोण?"

"म्हातारी. टपरीतच निजती? घर न्हाई व्हय तिला?"

सगळ्या गेममध्ये म्हातारीच्या मागे एक कनात आहे, आणि कनातीमागे काही नाही. चित्रच काढलेलं नाही. कुणी विचारलं नव्हतं.

खुर्ची आता बाक आहे. आम्ही घाटात बसलो आहोत, माझ्याच टपरीत. वारा आहे. स्टोव्ह फरफरतोय. आत्ती बशीतून चहा पिते आणि सांगते, आलं कमी पडलंय. समोरच्या बाकावर दोन माणसं येऊन बसतात, एक पोलिसाच्या कपड्यात, एक चोराच्या, आणि खाली मान घालून पिठलं-भाकरी खायला लागतात. एकमेकांकडे बघत नाहीत. म्हातारी दोघांना वाढते. गप्प असते.

आत्ती कोपरानं मला ढोसते. "बघ. म्हनं खानावळ न्हाई."

हे चाललंय तोवर विचारून घ्यायला हवं. कारण आत्ती गेली तीही गोष्ट सांगता सांगताच. भर दुपारी, कट्ट्यावर. सिनेमातली पोर घर सोडून नदीवर पोचली होती, नाव काठाला लागली होती, पोरीनं एक पाय उचलला होता. आत्ती म्हणाली, पाणी द्या गं जरा. पाणी येईपर्यंत संपलं होतं. बायका रडल्या, आणि तेराव्याच्या जेवणापासून भांडतायत. पोर नावेत बसली की माघारी फिरली? अर्धी गल्ली इकडे, अर्धी तिकडे. समोरच्या पारूकाकूंनी तर वाढता वाढता मलाच धरलं, तू शिकलेली, सिनेमातलं तुला कळतं, सांग.

"आत्ती, त्या पोरीनं नावेत पाय ठेवला का? पारूकाकू विचारतात."

"मला काय ठावं? माझी गाडी आली."

हे ती अशा आवाजात म्हणते की जणू स्टँडवर घडलेली गोष्ट आहे.

"पण तू रचायचीस ना. गाडीत."

"रचलाय की. झ्याक रचलाय." ती बशी पालथी घालते. "पर सांगाय उतरता येत न्हाई."

"मग मला सांग. मी पारूकाकूंना सांगते."

"तुझा तू रच. मी काय येगळं करत हुते?"

हॉर्न वाजतो.

पुन्हा खुर्ची, पुन्हा अंधार. पडद्यावर गोदाम आहे, आग अजून लागायची आहे. आत्ती उठते. ओचा झाडते. माझे पाय चपला शोधतात, पदर ताणला जातो, कुर्ता ओढला जातो, मी उठते. सगळं नेहमीसारखं. मागून कुणीतरी ओरडतं, खाली बसा ओ.

(गेम असता तर इथे पडद्यावर दोन चौकटी आल्या असत्या. एकीत: तिच्याबरोबर जा. दुसरीत: बस. खेळणारा विचार करेपर्यंत सगळं थांबून राहिलं असतं. स्वप्नात थांबत नाही. हॉर्न पुन्हा वाजतो.)

"आत्ती, बस ना. संपतच आलाय. एकदा तरी."

ती वाटेत उभी राहून पडद्याकडे बघते. उठल्यावर ती कधी मागे वळून पडदा बघत नसे, पाय अडकतो म्हणायची. आता बघते. पडद्याचा उजेड तिच्या कपाळावर हलतो. मला वाटतं, बसेल.

ती वाकते आणि तिच्या पदराकडून पिन सोडवते.

"तू बस," ती म्हणते.

"आणि तू?"

"मला गाडी हाय. तुला कुठं हाय?" ती माझ्या दंडावर चापट मारते, माशी मारावी तशी. "नीट बघ. कवातरी सांग मला."

ती रांगेतनं आडवी आडवी निघते. ज्याच्या गुडघ्याला लागेल त्याला दादा म्हणते आणि मूठभर शेंगा देते. रांगेच्या टोकापर्यंत सगळे शेंगा खातायत. दार उघडतं. बाहेर चांगलं ऊन आहे, पाचचं, पिवळं. तबस्सुम दार धरते आणि आदबीनं विचारते, आत्ती, पिशवी देऊ का उचलून. मग दार लागतं.

मी बसून राहते. पाय चपला शोधतात, मी त्यांना खुर्चीवर घेते.

आग लागत नाही. पडद्यावर टपरी आहे. म्हातारी स्टोव्ह बंद करते, कनात बाजूला करते, आणि कनातीमागे रस्ता आहे, रस्त्यावर तिची एसटी उभी आहे. म्हातारी डबा घेते. किल्ली माझ्या हातात देते. दूध उतू जाऊ देऊ नकोस, एवढंच म्हणते, आणि चढते. घंटी वाजते. गाडी वळणावर दिसेनाशी होते. मी स्टोव्हला पंप मारते, कारण रस्त्यानं कुणीतरी येतंय, आणि ते लांबूनच विचारतंय, चहा हाय का?

*

जाग येते. लॅपटॉप पोटावरून घसरून बरगडीत रुतलाय. सिनेमा माझ्याशिवाय संपून गेलाय, पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत "समाप्त" आहे. बाहेर शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी होते. ऊन पिवळं आहे.

तशीच, आडवी, मी म्हातारीचा शेवट फोनवर टाइप करते. चार ओळी होतात. तबस्सुमला पाठवते. लगेच उत्तर येतं: "म्हणजे मरतेय की राहतेय?"

मी लिहिते: "घरी जातेय. टपरी खेळणाऱ्याकडे."

ती बराच वेळ टाइप करते, खोडते, टाइप करते. मग येतं: "मी रडत नाहीये. बासरी कुठे टाकू?"

"बासरी नको. एसटीचा हॉर्न."

मग पारूकाकूंना फोन. त्या आधी विचारतात, जेवलीस का. मग मी का फोन केलाय ते त्यांना कळतं. मी सांगते की पोर नावेत बसली. नावाड्यानं विचारलं, बाय, पलीकडं कोण हाय तुझं? पोर म्हणाली, अजून कुणी न्हाई, म्हणून तर चाललीय.

"मग?" पारूकाकू म्हणतात.

मी सांगत राहते. काकू हाका मारून गल्लीतल्या आणखी दोघींना फोनपाशी बोलावतात. सांगता सांगता मी चहा ठेवायला उठते आणि कुर्ता कशाला तरी अडकल्यासारखा ओढला जातो. मी खाली बघते.

कुर्त्याच्या टोकाला सेफ्टी पिन आहे. जुनी, पिवळट पडलेली. माझ्या घरात पिना नाहीत, मी बांगड्याही घालत नाही. ती नीट बंद केलेली आहे, टोचू नये म्हणून, आणि तिच्या तोंडाशी हिरव्या सुताचा बोटभर धागा अडकलाय.

"मग?" काकू म्हणतात. "पुढं सांग की."