कोबीच्या सूपवर तीन आठवडे

उकडलेल्या कोबीचा वास आला की मला हरणी भागातल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. मला बघायला मुलगा येणार होता, आणि शेजारच्या गुजराती बेननी "कोबीज खवडावो, वजन ऊतरी जशे" असं सांगितल्यामुळे आईने मला तीन आठवडे नुसत्या कोबीच्या सूपवर ठेवलं होतं. पाहुण्यांसमोर मात्र हिरवागार, गोडसर लीलो चेवडा आला. थोड्या वेळाने मोठ्यांनी "तुम्ही दोघं जरा बोलून घ्या" म्हणत आम्हाला बशीसकट गच्चीत पाठवलं. मुलगा हळूच म्हणाला, "तुम्हाला राग येणार नसेल तर हा चेवडा खाऊ का? आईने पंधरा दिवस दुधीच्या रसावर ठेवलंय." मी म्हटलं, "अर्धा माझा." दोघांचेही बकाणे भरलेले असताना त्याच्या आईने जिन्यातून काहीतरी विचारलं. आणखी चेवडा हवा का विचारतायत, असं वाटून मी जोरजोरात मान हलवली. त्यानेही हलवली. खाली आलो तर पेढे वाटणं चालू होतं. त्याला आता बत्तीस वर्षं झाली. मला प्रश्न ऐकूच आला नव्हता, पण आपण तो नीट ऐकला होता, असं नवरा अजूनही शपथेवर सांगतो.