नाव घ्यायचे पाचशे

संचिताच्या कपाटातला एक अख्खा कप्पा ब्लाउजपीसांनी भरलेला होता. एकाही साडीवर न जाणारे रंग, आणि एकाही अंगाला न पुरणारं माप. ही तिची आजवरची कमाई. डोंबिवली पूर्वेत कुणाचं लग्न असो, डोहाळजेवण असो की सत्यनारायण, उखाणे हवे असले की बायका संचिताकडे यायच्या. नौपाड्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनला बसायची, आणि दोन कवळ्यांच्या मधल्या वेळात तिला यमकं सुचायची. नवऱ्याचं नाव, त्याची नोकरी आणि सासूचा स्वभाव एवढं सांगितलं की संध्याकाळपर्यंत उखाणा तयार. "किती द्यायचे गं?" असं कुणी चुकून विचारलंच, तर ही बाई लाजून म्हणायची, "अहो, दोन ओळींचे काय पैसे घ्यायचे!"

हे वाक्य ऐकायला आपल्याकडे लोक टपलेलेच असतात. ते कुंकू लावायचे, नारळ आणि ब्लाउजपीस हातात ठेवायचे आणि जिना उतरायचे. एकदा तर तिनेच कुणाला तरी दिलेला पोपटी पीस, तिने लावलेल्या टाचणीसकट, गावभर फिरून तिच्याच ओटीत आला.

तिची शाळेपासूनची मैत्रीण अमृता मेंदी काढायची. एका रविवारी तिने संचिताला मानपाडा रोडवर बोलावलं आणि नव्याकोऱ्या स्कूटरवरून पेढ्यांचा बॉक्स घेऊन अवतरली. "रोख घेतली. एक हप्ता नाही." संचिताला मनापासून आनंद झाला, आणि पोटात जरा दुखलंही. मैत्रिणीची स्कूटर बघून ज्यांच्या पोटात दुखत नाही, त्या थोर लोकांनी पुढे वाचू नये.

"एवढे पैसे मेंदीत मिळतात?" संचिताने विचारलं.

"मेंदीत नाही गं, तोंडात. मी रेट सांगते आणि गप्प बसते. तू सांगत तर नाहीसच, वर हसतेस."

"तुझं वेगळं. तुला कोन लागतात, तेल लागतं. माझं काय, डोक्यातलं."

"मग डोकं काय भाड्याने आणलंयस? ऐक, एका उखाण्याला पाचशे. आणि पाचशे म्हटल्यावर पुढे एक अक्षर नाही. 'बघा तुम्हाला जमेल तसं' हे जे तुझं शेपूट असतं ना, ते कापायचं. समोरची गप्प बसली तर तूही बस. जिला आधी राहवत नाही, ती मेली."

"आणि निघून गेली तर?"

"जाऊ दे. एक ब्लाउजपीस कमी."

संचिता नुसतीच हसली. प्रश्न पैशांचा नव्हताच. पाचशे म्हटल्यावर कुणी तोंडावर हसलं, तर आपण इतकी वर्षं लिहितोय ते दोन कवडीचं आहे, हे कायमचं कळणार होतं. न सांगितलेला भाव निदान पडत तरी नाही.

पुढच्याच आठवड्यात घोडबंदर रोडच्या वैशालीताई दाढ काढायला आल्या. अर्धा गाल सुजलेला, तरी बोलणं थांबेना. मुलीचं, ऐश्वर्याचं लग्न होतं आणि घरातल्या नऊ बायकांना उखाणे हवे होते, यादी तयारच होती. "काय घेता?"

"एकाचे पाचशे," संचिता म्हणाली. शेपूट जिभेवर येऊन उभंच होतं. तिने पेनचं टोपण दातांत धरलं आणि दवाखान्यात शोभेल असा जबडा आवळला.

"बरं," वैशालीताई म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे फोनवरून पैसे पाठवले. न हसता, न कुरकुरता! संचिताला दिवसभर चुटपुट लागली, की हजार सांगायला हवे होते. माणसाचं समाधान कशात असतं ते ब्रह्मदेवालाही कळलेलं नाही.

उखाणे पाठवले आणि दुसऱ्या दिवशी फोन आला. "तिसरा बदला. 'चांदीचं ताट, सोन्याची वाटी' माझ्याही लग्नात होतं. पाचवा लांबलाय. आणि पैसे नऊचे दिलेत, आलेत आठच."

संचिताचा पारा चढला. फुकट घेताना सगळ्या नुसत्या 'वा वा' करायच्या. ही बाई ओळ न् ओळ वाचत होती. पण आठ? मग तिच्या लक्षात आलं. "तुमच्या आईंचा नाही लिहिला. यादीत त्यांच्यापुढे 'वडील वारले' होतं ना... विधवा बायकांना आपण नाव घ्यायला लावत नाही, म्हणून मी..."

"बाबा गेलेत. त्यांचं नाव कुठे गेलंय?" वैशालीताई म्हणाल्या. "आई विठ्ठलवाडीला असते, नंबर पाठवते. तिच्याशी बोला आणि लिहा."

संचिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं; तिने आपल्याच मनाने एका बाईला यादीतून वगळून टाकलं होतं.

जनाबाईंना फोन लावला, तर त्या आधी पोटभर हसल्या. "त्याचं नाव व्हय? दगडू. लई घोरायचा बघ. शेजारी भिंत ठोकायचे. मी रातभर शिव्या घालायची. आता सगळं गप्प हाय, तर झोपच येईना."

त्या दिवशी दवाखान्यात तिने दोन पेशंटांना एकच वेळ दिली. सहा वेळा खोडून सातव्यांदा लिहिलं:

घोरण्यापायी डोळ्याला डोळा लागत नव्हता मेला,
दगडूराव गेले, तर माझ्या झोपेचाच जीव गेला.

लग्न झालं. चार दिवसांनी जनाबाईंचाच फोन. "घेतलं बाई नाव, माईकवर. लोक लई हसले. मंग वैशाली रडाय लागली, मंग मी. आता माघात नातवाचं लगीन हाय. दुसरा लिहून दे. ह्या टायमाला म्हाताऱ्याला नाचीव. लेझीम लई झ्याक खेळायचा. पैसं किती सांग."

"अहो आजी, तुमच्याकडून काय..." संचिताच्या तोंडून निघालंच.

"गप. फुकाट नगं मला. फुकाट घेतलं का 'असं न्हाई, तसं दे' म्हणून भांडता येत न्हाई. माझ्या नवऱ्याचं नाव हाय ते, मला पायजे तसंच पायजे."

आजवर पैसे न मागण्याला संचिता आपला चांगुलपणा समजत आली होती.

"पाचशे, आजी."

"बरं," जनाबाई म्हणाल्या. "मंग नीट लिही."