राजूरच्या कॅफेतलं उघडं मशीन

नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो, पण जालन्याच्या बियाणे कंपनीचं ते प्रकरण काही केल्या डोक्यातून जात नाही.

इंटरनेट तालुक्यांत नुकतं पोचलं होतं. आमच्या पोलीस ठाण्यातला कॉम्प्युटर तेव्हा बहुतेक वेळ प्लास्टिकच्या कव्हरखालीच असे. कंपनीचे शेठ तक्रार घेऊन आले. हंगामाच्या तोंडावर ते डीलरांना जो भाव देणार, तो दुसऱ्या कंपनीला आधीच कळत होता.

"साहेब, चोर घरातलाच आहे. आमची कॉम्प्युटर ऑपरेटर. भाव तीच कॉम्प्युटरवर चढवते. दुसरं कोणी असूच शकत नाही."

"का बरं?"

"गावोगावचे आमचे प्रतिनिधी भाव बघायला तिथूनच ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडले जातात. पण त्याला व्हीपीएन लावलंय. बंद बोगदाच समजा. मधे बिलकुल कोणाला डोकावता येत नाही!"

पोरीला त्यांनी भरल्या ऑफिसात चोर म्हणून घरी पाठवलं होतं. मी तिला चौकशीला बोलावलं, तर गावाहून, धावड्याहून, बापही बरोबर आला. शेतकरी माणूस. म्हणाला, "साहेब, नोकरी गेली तर गेली. पण गावात लोकं काय काय बोलून राह्यले, ऐकवत न्हाई. ठरलेली सोयरीक मोडायला आली."

पोरगी रडली नाही. "चोरी केली असेल तर बेड्या घाला. नसेल तर तसं सगळ्यांसमोर म्हणा." तिचा जबाब दोनदा घेतला, उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा दुसऱ्या वेळी पदरचं काहीतरी घालतोच. हिने काहीच घातलं नाही.

मग भोकरदनकडच्या आमच्या खबऱ्याने खबर दिली. "साहेब, त्या दुसऱ्या कंपनीचा माणूस हमेशा राजूरच्या नेट कॅफेत बसून राह्यला. त्याचा एरिया तर आष्टीकडं. इकडं काय काम?"

जिल्ह्याचं दुसरं टोक! साध्या कपड्यांत राजूरला गेलो, गणपतीचं दर्शन घेतलं आणि कॅफेत जाऊन बसलो. कोपऱ्यातल्या मशीनवर शेठच्या कंपनीचं पान उघडं, खुर्ची रिकामी. थोड्या वेळाने तो आष्टीवाला आला, मालकाला रामराम घातला आणि थेट त्याच खुर्चीत बसला. दोघांनाही ठाण्यात आणलं.

कॅफेवाला घाबरलेला. "साहेब, मी काय चोरी केली? शेठचे प्रतिनिधी आमचं जुनं गिऱ्हाईक. लाइन लागायला लई टाइम लागतो, म्हणून पासवर्ड माझ्याकडंच देऊन ठेवला. ते निघाले की फोन करतात. मी लाइन लावून ठेवतो, चहा सांगतो."

"आणि हा?"

"हा बी बियाण्यातलाच. म्हणला, त्यांचंच काम करून राह्यलो. मंग आल्या माणसाला उठवायचं कसं?"

मी कपाळावर हात मारला. बोगदा भक्कम होता, पण त्याच्या तोंडाशी पाहुणचार चालला होता!

आष्टीवाला आधी अकडला. पण शेठच्या इंजिनिअरने ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या नोंदींतून दाखवलं की प्रतिनिधी शेतकरी मेळाव्यात भाषण करत होता, त्याच वेळी त्याच्या नावाने कोणीतरी भाव पाहत होतं. मग गडी पोपटासारखा बोलला. पंचनामा करून मशीन जप्त केलं, गुन्हा दाखल झाला.

शेठ ठाण्यात आले. पोरगी आणि तिचा बाप तिथेच होते. "बेटा, गलती झाली. उद्यापासून कामावर ये."

बाप म्हणाला, "शेठ, इथं न्हाई. जिथं चोर म्हणले, तिथं चला."

शेठ माझ्याकडे पाहू लागले. मी टोपी चढवली. "चला, मीही येतो." ऑफिसात सगळ्यांदेखत त्यांनी हात जोडले. माणूस मनाचा मोठा, म्हणून जोडले. पोरगी खुर्चीत बसली आणि पहिला फोन राजूरच्या प्रतिनिधीला लावला. "सर, पासवर्ड बदललाय. नवा कॅफेवाल्यापर्यंत गेला, तर तक्रार मी स्वतः देईन."

कुलूप शाबूत दिसलं की आपण घरातल्याच माणसाचं मानगूट धरतो. किल्ली कोणाकोणाच्या हातातून गेली, ते आधी विचारावं. लोक ती चोराला देत नाहीत, ओळखीच्याला देतात. हे मी पुढे प्रत्येक तपासात लक्षात ठेवलं.

मुलाकडचे नंतर आले, म्हणाले, आता आमची काही हरकत नाही. सोयरीक पोरीनेच मोडली. "ज्यांनी मला एकदाही विचारलं नाही, त्यांच्या घरात जन्म काढायचा?"

बाप मला सांगत होता आणि हसत होता. "बराबर बोलली ना, साहेब?"