हेल्मेटच्या मागचे डोळे

"जरा थांबवता का वहिनी? बघून येतो."

असं म्हणून भाऊजींनी हात वर केला की समजायचं, रस्त्याच्या कडेला काहीतरी मरून पडलंय. गाडी धड थांबायच्या आत हे उतरणार, मागे चालत जाणार, गुडघ्यावर बसणार आणि त्या मेलेल्या जनावराचं पोट चाचपणार. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंडच फिरवलं. परत येऊन शांतपणे म्हणाले, "रॅकून आहे. त्याला पिशवी नसते." जसं काही मी विचारलंच होतं! घरी पोचेपर्यंत मी त्यांना गाडीत कशालाही हात लावू दिला नाही.

हे अमेरिकेतल्या शॉमबर्गमधलं, ऐंशीच्या दशकातलं. ते माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात इंजिनिअर होते. नात्याचे कोणी नव्हेत, पण तेव्हा आमच्या भागात मराठी घरं मोजकीच, त्यामुळे मी त्यांना भाऊजी म्हणायचे आणि ते मला वहिनी. एकटे राहायचे, मक्याच्या शेतांपलीकडच्या पुढच्या गावात. अमेरिकेत येण्याआधी तीन वर्षं ऑस्ट्रेलियात, कुठल्याशा आडगावच्या वीज केंद्रात नोकरी केलेली, आणि तिथलं मोटरसायकलचं वेड सोबत आणलेलं. बाकीची मंडळी लांबलचक गाड्या घेऊन मिरवायची, हे आपले फटफटीवर.

त्यांच्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाने दोन मोठे डोळे काढलेले होते. तिकडे म्हणे मॅगपाय नावाचा पक्षी असतो. पिल्लांच्या दिवसांत तो मागून झेपावतो आणि मोटरसायकलवाल्याच्या डोक्यावर चोच मारतो. डोळे दिसले की बिचकतो. मी विचारलं, अहो, पण तो पक्षी इथे कुठे आहे? तर म्हणाले, नाहीये, पण पुसवत नाहीत. ते निघाले की आमची मुलगी खिडकीत उभी राहून त्या डोळ्यांना टाटा करायची.

आठ वर्षांची होती ती तेव्हा. तिला आणि बाकीच्या पोरांना गोळा करून हे ऑस्ट्रेलियातल्या रस्त्यांच्या गोष्टी सांगायचे. कांगारू दिवे बघून पळत नाही, उलट तुमच्याच अंगावर उडी घेतो. वोम्बॅट नावाचं जनावर म्हणजे रस्त्यात ठेवलेलं दगडी जातं, आपटलात तर तुम्ही उडाल, तो हलणार नाही. इमू शहाण्यासारखा शेजारून धावतो आणि एकदम आडवा येतो. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, बोट वर करून: "एक गेलं म्हणून सुटलो समजायचं नाही. मागून दुसरं येतं." पोरं त्यांच्याबरोबर ते घोकून म्हणायची.

दिवेलागणीनंतर मोटरसायकल चालवायची नाही, हा त्यांचा नेम. जनावरं त्याच वेळी बाहेर पडतात म्हणे. त्यामुळे आमच्याकडे जेवण असो, वाढदिवस असो, उन्हं कलली की हे उठलेच. मला राग यायचा. माणूस एवढं रांधून ठेवतं आणि हे बूट घालायला लागतात! मग मी एखाद्या डब्यात भात-आमटी भरून, फडक्यात गुंडाळून द्यायचे. ते तो डबा मागच्या कॅरिअरला दोरीने नीट बांधायचे, दोनदा हलवून बघायचे आणि मगच निघायचे.

ते पोट चाचपण्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी भांडी घासत होते, ते पुसत होते. ऑस्ट्रेलियात संध्याकाळी कामावरून परतताना एक कांगारू मादी त्यांच्या मोटरसायकलवर आदळली. ती जागीच गेली, यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. दोघंही रस्त्यावर. मदत यायला तासभर लागला. तेवढ्या वेळात त्यांना दिसत होतं की तिच्या पोटाची पिशवी हलते आहे. दोन हातांवर होती ती. "हात पोचला नाही हो वहिनी," एवढंच म्हणाले. ट्रक आला तोवर हलणं थांबलं होतं. तेव्हापासून हा माणूस कुठलंही मेलेलं जनावर बघितल्याशिवाय पुढे जात नसे. अमेरिकेत पोटाला पिशवी असलेलं जनावर एकच, पॉसम. मोठ्या घुशीएवढं असतं. पण आधी जवळ गेल्याशिवाय कळणार कसं?

हे सगळं मला ठाऊक होतं, हे मुद्दाम लिहिते आहे. ठाऊक असून मी जे केलं ते केलं.

त्या वर्षी आमच्या बेसमेंटमध्ये गणपती होता. चाळीस माणसं येणार, उकडीचे मोदक निम्मे फुटलेले, मी सकाळपासून सोवळ्यात आणि उपाशी. आरती सातची. भाऊजी नेहमी चारला येऊन दर्शन घेऊन, प्रसाद बांधून घेऊन जायचे. सहा वाजून गेले तरी पत्ता नव्हता. मग बेल वाजली. मुलीने दार उघडलं, मी मागोमाग नैवेद्याचं ताट घेऊन.

ते दारात उभे. जॅकेटची चेन अर्धी उघडी, डावा हात आत. चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, वहिनी, उशीर झाला. रस्त्यात पॉसम मेलेली होती. पिशवीत एक जिवंत सापडलं! मला आत घेऊ नका, फक्त एक डबा आणि फडकं द्या. कॅरिअरला बांधतो आणि उजेड आहे तोवर निघतो.

मी म्हणाले, "मेलेल्याला हात लावून देवाच्या दारात आलात? माझ्या घरातलं फडकं त्याला मिळणार नाही. आधी ते टाकून या, आंघोळ करा आणि मग या."

बेसमेंटच्या जिन्यावरून दोघी-तिघी बघत होत्या. म्हणून माझा आवाज जरा जास्तच चढला.

ते हसले. हळूच म्हणाले, "उंदरासारखंच आहे हो, वहिनी. बाप्पाला चालेल."

मी ताट धरून तशीच दारात उभी राहिले. मग त्यांनी मान हलवली, बरं म्हणाले, एका हातानेच हेल्मेट घातलं आणि गेले. ते दोन पांढरे डोळे वळणापर्यंत माझ्याकडे बघत होते. त्या दिवशी मुलीने टाटा केला नाही.

फोन आला तेव्हा पंगत उठत होती. त्यांच्या पाकिटात आमचा नंबर होता. नवरा गेला आणि त्याने परत येऊन सांगितलं. मागून येणाऱ्या गाडीवाल्याने पोलिसांना सगळं सांगितलं होतं. एक हरीण आडवं गेलं. भाऊजींनी मोटरसायकल अगदी हळू केली, दुसऱ्याची वाट पाहिली. दुसरं आलंच, उडी मारून थेट अंगावर. दोन्ही हात हँडलवर असते तर कदाचित सावरले असते, असं त्या गाडीवाल्याला वाटलं. ते एका हाताने चालवत होते. दुसरा जॅकेटच्या आत होता, आणि पडल्यावरही तिथेच होता.

हातात ते पिल्लू होतं. जिवंत होतं.

मुलगी पायरीवर बसून ऐकत होती. आम्हाला कळलंच नाही. तिने मला विचारलं, "आई, बट वी हॅव सो मेनी बॉक्सेस. का नाही दिला?"

देवाचं नाव सांगायची मला लाज वाटली.

पिल्लू जनावरांच्या डॉक्टरकडे होतं. मी कधी चौकशी केली नाही, धीरच झाला नाही. दहाएक दिवसांनी नवरा चहा पिताना आपणहून म्हणाला, "जगलं ते." तोवर माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तेव्हा मात्र मी ओट्याशी उभी राहून खूप रडले.

आमच्याकडची आरती आता दुपारी तीनला असते. नवीन मंडळी कुरकुरतात, म्हणतात, काकू, एवढ्या लवकर कसली आरती? मी म्हणते, आमच्याकडे अशीच पद्धत आहे. अंधार पडायच्या आत सगळ्यांना घरी लावून देते.

आणि दाराजवळच्या फळीवर झाकणाचा एक डबा असतो, आत धुतलेलं मऊ फडकं. फडकं विरलं की बदलते. इतक्या वर्षांत कोणी मागितलेलं नाही.