खेळाडूचं हृदय

हणमंतअप्पा भेटले की नमस्कार करत नसत, मनगट पुढे करत. "मोजा, सर." डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांना मी कोचिंगमध्ये जीवशास्त्र शिकवतो, एवढ्यावर गल्लीनं मला निम्मा डॉक्टर करून टाकलं होतं. मलाही ते आवडत होतं, हे आधीच कबूल करतो.

अप्पांची हयात लातूरच्या मोंढ्यात धान्याची पोती उचलण्यात गेली. सत्तरी जवळ आली तरी खांदे दाराएवढे, बोलणं मात्र सावकाश. कुणाची धावपळ दिसली की म्हणत, "घाईनं उचललेलं पोतं मानेवर पडतंय, बाबा." एका सकाळी त्यांची नाडी भरली चव्वेचाळीस. मी ऐटीत म्हणालो, "अप्पा, एवढी संथ नाडी, हे खेळाडूचं हृदय आहे! विकत घेऊ म्हटलं तरी मिळत नाही." संध्याकाळपर्यंत अप्पांनी ही बातमी चहाच्या हॉटेलात पोचवली. मीही वर्गात त्यांचं उदाहरण देऊन टाळ्या घेतल्या.

पंधरा दिवसांनी अप्पांच्या घरून काकू दारात आल्या. "सर, ह्यांला उठलं की अंधारी यायलीय. दवाखान्यात न्यावं का?"

मी स्कूटरला किक मारत होतो. अप्पा बीपीची गोळी घेतात हे मला ठाऊक होतं. कोणती, हे विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

"ऊन किती आहे, काकू! लिंबूपाणी द्या. नाडी तर खेळाडूची आहे त्यांची," म्हणून मी सुटलो.

चौथ्या दिवशी अप्पा जिन्यावरून कोसळले. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात तरुण डॉक्टरनं गोळ्यांचं पाकीट उलटसुलट पाहिलं. "बीटा ब्लॉकर. यानं नाडी मंदावते. गेल्या महिन्यात डोस वाढवलाय. त्यानंतर कुणी नाडी मोजली नाही का?"

बीटा ब्लॉकर मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. खाली रेघही ओढतो.

"हमालाची नाडी कोण मोजायलंय, साहेब," अप्पा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो आणि तोंडातून शब्द काढला नाही. त्या गप्प बसण्याची लाज अजून जात नाही.

डॉक्टरांनी गोळी कमी केली. दोन-तीन महिन्यांनी अप्पा वॉकर धरून ओट्यावर येऊ लागले. एकदा धीर करून विचारलं, "अप्पा, त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंत?"

"आपलं पोतं दुसऱ्याच्या अंगावर टाकायचं नसतंय, सर."

"पण ते माझंच होतं, अप्पा."

त्यांनी मनगट तेवढं पुढे केलं. मी घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं.

"बासष्ट. छान आहे."

अप्पांचा चेहरा उतरला. "म्हंजी, ते खेळाडूचं गेलंच म्हणा की."

त्यांचं मनगट माझ्या हातातच होतं. मला मान वर करता येईना.