मामाची बेसबॉल टीम

इंग्लंडमधल्या रीडिंगच्या ऑफिसात मी तिथल्या एका मराठी सहकाऱ्याकडून त्याचं काम शिकून घ्यायला पुण्याहून आलो होतो. माझं शिकून झालं की ते काम पुण्याला जाणार होतं. त्याला मात्र मॅनेजरनं ‘मदतीला माणूस येतोय’ एवढंच सांगितलं होतं.

तो इथेच जन्मलेला, तरी माझ्याशी हट्टानं मोडक्यातोडक्या मराठीतच बोलायचा. सिस्टिमबद्दल काही विचारलं की आधी दोघांसाठी चहा करून आणायचा आणि अमेरिकेतल्या मामाच्या बेसबॉल टीमचा इतिहास सुरू करायचा. कुठला तरी डावखुरा पिचर, पावसानं रखडलेली फायनल, असं रोज थोडं थोडं. शेवटच्या सीझनपाशी मात्र हमखास थांबायचा. हा मुद्दाम वेळ काढतोय, काहीतरी लपवतोय, अशी माझी खात्री होत चालली होती.

एका शुक्रवारी मी वैतागून विचारलं, "अरे, शेवटी झालं काय त्या टीमचं?"

"मालकने दुसऱ्या सिटीला नेला," तो म्हणाला. "आधी तिकडचे लोक आले होते, नुसतं बघायला. मामा गेटवर काम करायचा. त्यानेच त्यांना सगळा ग्राउंड दाखवला. कॉफी पण दिला."

मग त्यानं चहाचा मग माझ्यापुढे सरकवला.

"बोल, आज काय दाखवू?"